हातचा कोण विसरला?

"मॅडम, पेपरांवर खाडाखोड आहे. आणि आज दुपारी मीटिंग आहे. त्याआधी या, नाहीतर येऊच नका."

फोनवरचा आवाज तरुण होता आणि रागानं चिरकत होता. शिक्षण खात्याच्या तपासनीस बाईंनी पुढ्यातला चहा तसाच ठेवला आणि पर्स उचलली. खात्यात त्यांना समोर सगळे मॅडम म्हणत आणि पाठीमागे मिरची. दोन्ही त्यांना ठाऊक होतं. दुसरं जास्त आवडत होतं.

प्रकरण दिसायला साधं होतं. सरकारी प्राथमिक शाळा, चौथीचा एकच वर्ग. अर्धी मुलं समोरच्या नव्या कॉलनीतली, अर्धी भाजीबाजारामागच्या वस्तीतली. कॉलनी पुढच्या बाकांवर, वस्ती मागच्या बाकांवर, ही तिथली जुनी वहिवाट. मग एक तरुण शिक्षक बदलून आले, मुलं त्यांना धाकटे सर म्हणत. त्यांनी आल्या आल्या बाकं मिसळून टाकली. आणि यंदा खात्याच्या परीक्षेत वस्तीतली मुलं गणितात सपाटून आपटली. पालक समितीनं लगेच ठराव तयार केला: वस्तीतल्या मुलांचा वेगळा वर्ग, हमरस्त्यापलीकडच्या जुन्या इमारतीत.

त्या रस्त्यावर दिवसभर ट्रक धावतात. नऊ वर्षांचं पोर तो एकट्यानं ओलांडू शकत नाही, आणि ज्याचे आईबाप उजाडायच्या आत बाजारात असतात त्याला सोडायला कोणी येत नाही. वेगळा वर्ग म्हणजे या मुलांची शाळा संपली, हे सगळ्यांना कळत होतं. ठरावात तेवढंच लिहिलेलं नव्हतं.

फाटकापाशी धाकटे सर उभे होते. त्यांच्या शर्टाच्या बाहीला खडू लागला होता आणि डोळे रात्रभर जागल्यासारखे होते. त्यांच्यामागे एक मुलगी एका पायावर गोल फिरत होती.

"ही भिंगरी," सर म्हणाले. "एका जागी ठरत नाही म्हणून. गणितात वर्गात पहिली नाहीतर दुसरी. परीक्षेत हिला पस्तीससुद्धा नाहीत."

"तुला काय वाटतं गं, कसा गेला होता पेपर?" मिरचीबाईंनी विचारलं.

"सोप्पा होता." भिंगरी थांबली. "पण आता काय उपयोग? आई म्हणाली, शाळा रस्त्यापलीकडे गेली तर तू घरी राहायचं. धाकट्याला सांभाळायला कोणीतरी पाहिजेच ना."

तिनं हे इतक्या शहाण्या आवाजात सांगितलं की मिरचीबाईंच्या कानशिलांपर्यंत राग चढला. पोरांनी शहाणं व्हायची पाळी आली की समजावं, मोठ्यांनी काहीतरी नासवलंय.

मुख्याध्यापकांच्या खोलीत एक टेबल, चार खुर्च्या आणि एक लोखंडी कपाट होतं. मुख्याध्यापक या शाळेत याच वर्षी आले होते. अंगानं लठ्ठ आणि स्वभावानं घाबरट. फेरतपासणीसाठी परत मागवलेले पेपर कपाटात होते. त्यांनी किल्ली फिरवली, मूठ ओढली. कपाट ढिम्म.

"मामा!" त्यांनी हाक मारली.

बाहेरच्या पायरीवरून शिपाईमामा आले. दोघांनी मिळून दार हिसडलं. असा धडाडदिशी आवाज झाला की पलीकडच्या वर्गातला पाढा मध्येच थांबला.

"रोजचं आहे हे," मुख्याध्यापक घाम पुसत म्हणाले. "हे कपाट उघडलं की नाक्यावरच्या दुकानदाराला कळतं."

मुख्याध्यापकांनी कपाट पुन्हा बंद केलं आणि गठ्ठा टेबलावर ठेवला. त्याला लाखेचं सील वगैरे काही नव्हतं, नुसती सुतळी. सरांनी पेपर भराभर दोन भागांत लावले, खाडाखोड असलेले आणि नसलेले.

"खोडलेले बहुतेक सगळे वस्तीतले आहेत," ते म्हणाले. "पण दोन गोष्टी मला कळत नाहीत. हा एक मुलगा कॉलनीतला. दुसऱ्या गावाहून याच वर्षी आलाय. त्याचाही पेपर खोडलेला. आणि ही मुलगी वस्तीतली, भिंगरीच्या शेजारच्या खोपटात राहते. हिच्या पेपरला बोटसुद्धा लागलेलं नाही. वर्गात पहिली आली."

घंटा झाली. सर वर्गावर गेले. मिरचीबाई पेपर घेऊन खिडकीशी बसल्या.

चौथीची मुलं पेन्सिलीनं लिहितात. पेन्सिल खोडली तरी कागद विसरत नाही. कागद उजेडात तिरका धरला की खालचा आकडा उमटतो. भिंगरीचा पेपर. तीनशे सत्तेचाळीस आणि दोनशे पंच्याऐंशी यांची बेरीज. चौकटीत उत्तर होतं पाचशे बावीस. कागद तिरका धरला. खाली दिसलं सहाशे बत्तीस.

मिरचीबाईंनी कागद खाली ठेवला, चष्मा पुसला आणि पुन्हा धरला. सहाशे बत्तीस. बरोबर उत्तर खोडलं होतं आणि त्यावर चुकीचं लिहिलं होतं.

पुढचा पेपर. तेच. त्याच्या पुढचा. तेच. कुणीतरी बसून, शांतपणे, एकेका पोराचं बरोबर उत्तर पुसलं होतं. आणि चूकही प्रत्येक ठिकाणी एकाच जातीची होती. सात न पाच बारा, बाराचे दोन खाली मांडले, एक पुढे न्यायचा राहिला. हातचा विसरला. खोडलेल्या प्रत्येक पेपरात हातचा विसरला.

मग त्यांनी न खोडलेल्या पेपरांतल्या चुका पाहिल्या. कॉलनीतली मुलंही चुकली होती. कुणी वजाबाकीच्या जागी बेरीज केली होती, कुणी प्रश्नच अर्धा वाचला होता. हातचा मात्र एकानंही विसरला नव्हता.

"नालायक," मिरचीबाई स्वतःशीच म्हणाल्या. कोण, ते अजून ठरायचं होतं.

मुख्याध्यापकांची चौकशी पहिली.

"परीक्षा झाल्यावर पेपर कुठे होते?"

"शनिवारी परीक्षा झाली. सोमवारी सकाळी खात्याची गाडी घेऊन गेली. मधला रविवार याच कपाटात."

"कुलूप?"

"होतं की."

"किल्ली?"

"माझ्या खणात."

"खणाला कुलूप?"

मुख्याध्यापकांनी छताकडे पाहिलं. छतानं काही मदत केली नाही.

"रविवारी शाळा बंद होती ना?"

"नव्हती. कॉलनीच्या चित्रकला स्पर्धेला हॉल दिला होता. मी होतो, समितीच्या डॉक्टरीणबाई होत्या, धाकटे सर वस्तीतली मुलं घेऊन आले होते, आणि आमच्या मोठ्या बाई. पण मॅडम, खरं सांगू? हे सरांचंच काम. मार्क वाढवायला गेले असतील आणि घाईत चुकले असतील."

"म्हणजे वर्षभर जो माणूस हे शिकवतो, तो घाईत प्रत्येक वेळी बरोबर उत्तर खोडून चुकीचंच लिहील?"

"नाही, पण त्यांची शिकवायची तऱ्हाच उलटी आहे हो! बेरीज डावीकडून करायला शिकवतात. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे तक्रार केली, तेव्हा मी स्वतः वर्गात जाऊन पाहिलं. दार लावून दम दिला त्यांना, चारचौघांत बोभाटा नको म्हणून. पण पालथ्या घड्यावर पाणी."

एवढ्यात मोठ्या बाई आत आल्या. पांढरे केस, गुडघ्यावर हात ठेवून चालणं, आवाजात सायीसारखी माया. यंदापासून पहिलीच्या वर्गावर होत्या. हाताशी वस्तीतलं एक पोर, कोपर खरचटलेलं, नाक वाहतंय.

"चालू द्या तुमचं," त्या म्हणाल्या. "पडलंय लेकरू."

मुख्याध्यापक शिस्तीचं पुराण सांगत राहिले. मोठ्या बाईंनी कपाटातून मलमाची डबी काढली, पोराच्या कोपराला मलम लावलं, वर फुंकर घातली, हातावर एक गोळी ठेवली आणि डबी जागच्या जागी ठेवून गेल्या. मुख्याध्यापकांचं वाक्य अजून संपलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई दातांच्या होत्या. दवाखाना मध्येच सोडून आल्या होत्या आणि ते त्यांनी दोनदा सांगितलं.

"मला कुणाबद्दल आकस नाही," त्या म्हणाल्या. ज्यांना आकस असतो ते सुरुवात अशीच करतात. "पण आमच्या मुलांचं नुकसान का व्हावं? माझ्या भाच्याचंच बघा. बहीण परदेशी गेली म्हणून यंदा माझ्याकडे आणला. हुशार मुलगा! इथे त्या मुलांशेजारी बसवला आणि गणितात नापास. नापास! आमच्या घराण्यात असं कधी झालं नाही."

"भाचा तुमच्या आडनावाचा नाही?"

"नाही, बहिणीच्या सासरचं आडनाव. का?"

"सहज. घरी अभ्यास कोण घेतं?"

"मीच. हातचा घ्यायलाच तयार नाही तो. 'आमचे सर असं करत नाहीत' म्हणतो. म्हणून तर तक्रार केली मी."

"रविवारी या खोलीत आला होतात?"

"फोन करायला. बाहेर मुलांचा गोंगाट होता."

"कपाट उघडलंत?"

डॉक्टरीणबाईंनी आपल्या हाताच्या नखांकडे पाहिलं. "त्याला हात लावायला मला काय धाड भरलीय? मी काय हमाल आहे?"

शिपाईमामांना मिरचीबाईंनी पायरीवरच गाठलं.

"रविवारी तुम्ही इथेच होतात?"

"इथंच. हललो नाही. चपला सांभाळायला बसवलं होतं मला."

"आत कोण कोण गेलं?"

"साहेब गेले. डॉक्टरीणबाई फोन कानाला लावून गेल्या. धाकटे सर रंगाचे कागद न्यायला आले, घेतले न गेले. मोठ्या बाई गुडघा दुखतोय म्हणून जरा टेकायला गेल्या, त्या बराच वेळ होत्या. पण कपाट कुणी उघडलं नाही बाई. आवाज आला असता तर मी उठलो नसतो का?"

मोठ्या बाई आपल्या वर्गात होत्या. मुलं चित्रं रंगवत होती. त्यांनी मिरचीबाईंना छोट्याशा खुर्चीत बसवलं आणि स्वतः बाकाच्या कडेला टेकल्या.

"किती वर्षं आहात इथे?"

"उभा जन्म गेला म्हणा ना. हे साहेब यायच्या आधी बरीच वर्षं मुख्याध्यापकांचा कार्यभार माझ्याकडेच होता, वर्ग यंदा पुन्हा घेतला. या वस्तीतल्या दोन दोन पिढ्या माझ्या हाताखालून गेल्यात."

"मग तुम्हाला या निकालाचं काय वाटतं?"

"वाईट वाटतं. पण नवल नाही वाटत." बाईंनी सुस्कारा सोडला. "लेकरं गुणी असतात हो. गाणं म्हणतील, झाडलोट करतील, जीव लावतील. पण गणित त्यांच्या डोक्यात शिरत नाही. हातचा विसरतात. आईबाप विसरायचे, आता ही विसरतात. धाकटे सर तरुण आहेत, त्यांना वाटतं बाकं हलवली की डोकी हलतात. मी काही त्यांच्या वर्गात डोकवायला जात नाही. मला तो जिना चढवत नाही आणि माझं तिथे कुणी ऐकतही नाही."

"वेगळा वर्ग झाला तर ही मुलं शाळा सोडतील."

"सोडतील," मोठ्या बाई हळुवारपणे म्हणाल्या. "पण झेपत नसताना रोज मान खाली घालून बसण्यापेक्षा बरं नाही का ते?"

मिरचीबाई तशाच उठून बाहेर आल्या. बोलल्या असत्या तर पहिलीच्या मुलांनी ऐकू नये असं काहीतरी बोलल्या असत्या.

मधल्या सुट्टीत त्या भिंगरीला घेऊन बाजारात गेल्या. भिंगरीची आई वजनकाट्यापाशी पोती चढवत होती. मोठी, रुंद खांद्यांची बाई, पदर कमरेला खोचलेला. काट्यावर पोतं चढलं, ती ओरडली, "सत्तेचाळीस!" दुसरं चढलं, "अडतीस!" आणि तिसरं उचलायला वाकता वाकता म्हणाली, "पंच्याऐंशी झाले, लिहून घ्या."

"कशी केलीत ही बेरीज?" मिरचीबाईंनी विचारलं.

"बेरीज कुठली, बाई? पोत्यांचा हिशोब हा." ती हसली. "चाळीस न तीस सत्तर, सात न आठ पंधरा. मोठं आधी, बारकं मागून. इथं सगळेच असं करतात. उभ्या उभ्या कागद कुठं मिळतोय?"

"आणि तू गं?" मिरचीबाई भिंगरीकडे वळल्या. "तीनशे सत्तेचाळीस आणि दोनशे पंच्याऐंशी?"

भिंगरीनं एक गिरकी घेतली. "पाचशे. मग एकशेवीस. सहाशे वीस. मग बारा. सहाशे बत्तीस. सरांना पण आम्हीच शिकवलं हे. ते म्हणाले, छान आहे, आता वर्गात सगळेच असं करू."

"हातचा घेत नाहीस?"

"हातचा म्हणजे?"

 मिरचीबाईंनी आईला विचारलं, "तुम्ही शाळेत गेला होतात?"

"चौथीपर्यंत. मोठ्या बाईंच्या हाताखाली. मागच्या बाकावर." तिनं पोतं खांद्यावरून खाली टाकलं. "मला गणित येत नव्हतं. बाईंनी माझ्या आईला बोलावून सांगितलं होतं, हिच्या डोक्यात शिरत नाही, उगाच कशाला त्रास. मग काढली मला. चांगल्या होत्या बाई. गोळ्या द्यायच्या."

"दुपारच्या मीटिंगला या," मिरचीबाई म्हणाल्या.

"मी काय करू तिथं?"

"उभ्या राहा. पुरे."

मीटिंग मुख्याध्यापकांच्याच खोलीत भरली. डॉक्टरीणबाई ठरावाचा कागद घेऊन मधोमध. मुख्याध्यापक घामाघूम. धाकटे सर भिंतीला टेकून, हाताची घडी घातलेली. मोठ्या बाई खिडकीशी, गुडघा चोळत. दारात भिंगरीची आई उभी होती, आत बस म्हटलं तरी बसली नाही. तिच्यामागे शिपाईमामा.

"ठराव वाचायचा का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आधी मी बोलते," मिरचीबाई म्हणाल्या. "मग ठरावाचं काय करायचं ते तुम्हीच सांगाल. मोठ्या बाई, मगाचची ती मलमाची डबी जरा द्याल? माझं बोट कापलंय."

मोठ्या बाई उठल्या. किल्ली फिरवली. डाव्या हातानं मूठ किंचित वर उचलली, दुखऱ्या नव्हे तर दुसऱ्या गुडघ्यानं दार हलकेच आत दाबलं आणि ओढलं. दार उघडलं. एवढासाही आवाज झाला नाही.

शिपाईमामांच्या तोंडाचा आ झाला. मुख्याध्यापक कपाटाकडे बघत राहिले.

"आभारी आहे," मिरचीबाई म्हणाल्या. त्यांचं एकही बोट कापलेलं नव्हतं. "आता ऐका. या शाळेत कुणीतरी मुलांची बरोबर उत्तरं पुसून चुकीची लिहिली. वाढवायला नाही. पाडायला. कधी? रविवारी, कारण बाकी सगळा वेळ पेपर खात्याच्या ताब्यात किंवा परीक्षेच्या वर्गात होते. रविवारी या खोलीत चौघं आले. चौघांपैकी कोण?"

मुख्याध्यापकांनी पुन्हा घाम पुसला.

"धाकटे सर? त्यांना स्वतःची मुलं पाठ आहेत. ज्यानं हे केलं त्याला मुलं माहीत नव्हती. पेपरावर पत्ता नसतो, नुसतं नाव असतं. त्यानं आडनावं बघितली. जे आडनाव 'त्यांच्यातलं' वाटलं ते खोडलं, जे 'आपल्यातलं' वाटलं ते सोडलं. म्हणून वस्तीतली एक मुलगी सुटली, तिचं आडनाव कॉलनीत शोभेल असं आहे. आणि कॉलनीतला एक नवा मुलगा सापडला, कारण त्याचं आडनाव शोभत नाही. डॉक्टरीणबाई, तो तुमचा भाचा. त्याची सगळी उत्तरं बरोबर होती."

डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या. "माझ्या भाच्याचा पेपर? कुणाची ही हिंमत?"

"आता राग आला?" मिरचीबाईंचा आवाज चढला. "बाकीच्या पोरांचं ऐकलंत तेव्हा नव्हता आला. बसा खाली! तुम्ही नाही केलंत, कारण स्वतःच्या भाच्याला तुम्ही ओळखता. तेवढंच तुमच्या बाजूनं आहे."

डॉक्टरीणबाई बसल्या.

"मुख्याध्यापक? त्यांना कपाट एकट्यानं उघडता येत नाही. उघडलं तर नाक्यापर्यंत कळतं, आणि मामांनी काही ऐकलं नाही. शिवाय दुसरी गोष्ट. खोडणाऱ्यानं प्रत्येक पोराला एकच चूक बहाल केली. हातचा विसरल्याची. या वर्गात हातचा कुणी घेतच नाही! ही मुलं डावीकडून बेरीज करतात, मोठं आधी, बारकं मागून. जो घेतच नाही तो विसरणार काय? सरांना हे माहीत आहे, डॉक्टरीणबाईंना माहीत आहे, मुख्याध्यापकांना माहीत आहे, त्यांनी त्यापायी दम दिला. चौघांपैकी एकाच माणसाला माहीत नव्हतं. जो त्या वर्गाचा जिना कधी चढला नाही. जो आडनावावरून पोरं ओळखतो. ज्याच्या हाताला हे कपाट वर्षानुवर्षं सवयीचं आहे. आणि ज्याला ठाम ठाऊक आहे की वस्तीतलं पोर चुकलं तर कसं चुकणार."

खोलीतले सगळे खिडकीकडे वळले.

मोठ्या बाई गुडघा चोळायच्या थांबल्या होत्या. नाही म्हणाल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरची माया तशीच होती, आणि धाकट्या सरांना तेच बघवेना.

"का, बाई?" सर म्हणाले. आवाज फुटत होता. "ती पोरं तुम्हाला आजी म्हणतात!"

"मी वाईट चिंतलं नाही त्यांचं," मोठ्या बाई म्हणाल्या. "रविवारी टेकले होते, सहज गठ्ठा सोडून पाहिला. एक पेपर, दुसरा, तिसरा. सगळं बरोबर. मला वाटलं, तुम्ही सांगितली असणार उत्तरं. नक्कीच सांगितली असणार. मी फक्त जे खरं होतं ते परत लिहिलं."

"खरं?" मिरचीबाई टेबलावर हात आपटून उभ्या राहिल्या. "खरं पुसलंत तुम्ही! तुम्हाला संशय होता तर एका पोराला फळ्यापाशी उभं करायचं होतं. पाच मिनिटांचं काम होतं. का नाही केलंत? सांगू? भीती वाटली तुम्हाला. पोरानं उत्तर दिलं असतं तर? ही जर हुशार निघाली तर यांच्या आधीच्यांचं काय? ज्यांना उभा जन्म मागच्या बाकावर बसवलंत, ज्यांच्या आयांना बोलावून 'काढा हिला' म्हणालात, त्यांचं काय? त्या एका प्रश्नापुढे तुम्हाला ही सगळी पोरं रस्त्यापलीकडे गेलेली परवडली. वर गोळ्या वाटता!"

मोठ्या बाईंनी पदर सावरला आणि खिडकीबाहेर पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी ठरावाचा कागद कुणाचं लक्ष नाही असं बघून पर्समध्ये सारला. मिरचीबाईंचं लक्ष होतं.

"तो कागद इकडे द्या. पुराव्यात लागेल," त्या म्हणाल्या. "मुलं इथेच बसतील. याच वर्गात, मिसळून. मार्क खालच्या उत्तरांचे धरले जातील. आणि मोठ्या बाई, उद्यापासून तुम्ही शाळेत यायचं नाही. चौकशी पूर्ण होईल तेव्हा खातं काय ते कळवेल."

धाकट्या सरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि बाहीनं डोळे पुसले. बाहीवरचा खडू गालाला लागला. मैदानात कुणीतरी भिंगरीला सांगितलं असावं, तिचा आरडाओरडा खिडकीतून ऐकू आला.

भिंगरीची आई मात्र दारातून हलली नव्हती. इतका वेळ ती सगळं ऐकत होती, एकेक शब्द काट्यावर ठेवून बघावा तशी. आता ती खोलीत आली आणि मोठ्या बाईंच्या समोर उभी राहिली. रुंद खांदे, कमरेला खोचलेला पदर, हातांना बटाट्याची माती. शाळेत उभं राहतात तशी उभी, हात दोन्ही बाजूंना सरळ. तिच्या आवाजात राग नव्हता अजून. तो येत होता.

"बाई," ती म्हणाली, "म्हणजे मलाही येत होतं?"